शब्दांची बोली

मराठीत 'बोली' या शब्दाचे दोन अर्थ होतात. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी या बोली. आणि लिलावात लावतात तीही बोलीच. पहिल्या अर्थाने शब्द सगळ्यांचे असतात, कुणीही कितीही वापरावेत, संपत नाहीत. दुसऱ्या अर्थाने शब्द विकता येतात, आणि गेली पंचवीसेक वर्षं ते रोज विकले जातायत. तुम्ही फोनवर 'होम लोन' टाइप करून शोध दाबता आणि निकाल दिसायच्या आत त्या शब्दाचा एक लिलाव उरकलेला असतो.

या लिलावाच्या शेजारी आणखी एक धंदा उभा आहे: सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, म्हणजे एसईओ. लिलावात पैसे न टाकता आपलं पान वर यावं यासाठीची खटपट. या धंद्यातला पहिला प्रश्न असतो, 'या कीवर्डला स्पर्धा किती?' मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि असे आकडे गोळा करून तक्त्यात मांडणाऱ्या प्रणालींवर काही वर्षं काम केलंय. शून्य ते शंभरमधला एक आकडा, त्याच्या शेजारी हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका. हिरवा असेल तर लिहा, लाल असेल तर सोडा. हा आकडा नेमकं काय मोजतो, हे विचारायला सहसा कुणाला वेळ नसतो. पण त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात 'स्पर्धा' या शब्दाचा अर्थ तीनचारदा बदललाय. दर वेळी अर्थ बदलला की इंटरनेटवर काय लिहिलं जाणार, हेही बदललं.

दुर्मिळ शब्दाचं वजन

शब्दाची किंमत ठरवायचा पहिला गंभीर प्रयत्न बाजारात नाही, ग्रंथालयशास्त्रात झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी शोधनिबंधांच्या शीर्षकांतले महत्त्वाचे शब्द यंत्राकडून वेचून त्यांची सूची बनवायची पद्धत काढली. प्रत्येक शब्द आपल्या आगेमागेच्या शब्दांसकट छापला जाई, म्हणजे संदर्भ लगेच कळे. संगणकाच्या जगात 'कीवर्ड' रुळला तो साधारण याच वाटेने.

पण सगळे शब्द सारख्या तोलाचे नसतात. याचं गणित १९७२ मध्ये केंब्रिजमधल्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं. कल्पना अगदी साधी आहे. समजा तुमच्याकडे १ लाख लेख आहेत. 'आणि' हा शब्द सगळ्याच लेखांत आहे, म्हणून तो शोधून काहीच निवडलं जात नाही. त्याचं वजन शून्य. 'जांभा' हा शब्द फक्त १०० लेखांत आहे. तो कुणी शोधला तर १ लाखांतले ९९,९०० लेख एका फटक्यात बाजूला होतात. एकूण लेखांना शब्द असलेल्या लेखांनी भागायचं आणि त्याचा लॉगॅरिदम घ्यायचा. 'आणि'साठी उत्तर येतं ०, 'जांभा'साठी ३. शब्द जितका दुर्मिळ, तितकं त्याचं वजन जास्त. पुढची कित्येक दशकं जगभरच्या शोधयंत्रांच्या पोटात हे सूत्र कुठल्या ना कुठल्या रूपात होतं.

इथे शब्दाची किंमत म्हणजे त्याची निवडण्याची ताकद, एवढंच. त्यासाठी कोण किती पैसे देईल, हा प्रश्न अजून कुणाच्या मनातही नव्हता.

पानांची गर्दी

१९९४-९५ च्या सुमारास वेबक्रॉलर, लायकॉस, इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा अशी शोधयंत्रं आली. ती मुख्यतः पानावरचे शब्द वाचत. पान कशाबद्दल आहे, हे लेखकानेच सांगावं म्हणून एचटीएमएलमध्ये 'मेटा कीवर्ड्स' नावाची एक सोय होती: वाचकाला न दिसणारी, फक्त यंत्रासाठी लिहिलेली शब्दांची यादी. विश्वासावर चालणारी ही व्यवस्था. जे व्हायचं तेच झालं. लोकांनी त्या यादीत वाट्टेल ते शब्द कोंबले. काहींनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवला. माणसाला कोरं पान, यंत्राला मात्र तोच शब्द ओळीने.

प्रतिस्पर्ध्याचं नावसुद्धा या यादीत घालता येई. अमेरिकेत त्यावरून खटले झाले. १९९९ मध्ये ब्रुकफिल्ड विरुद्ध वेस्ट कोस्ट या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याचं व्यापारचिन्ह आपल्या मेटा यादीत घालणं म्हणजे दुसऱ्याच्या नावाची पाटी आपल्या दुकानासमोर लावण्यासारखं आहे. पाटी वाचून वळलेला माणूस नंतर चूक कळली तरी कंटाळून तिथेच खरेदी करून टाकतो. पुढे शोधयंत्रांनी त्या यादीकडे पाहणंच सोडलं. गूगलने २००९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की शोधनिकालांची क्रमवारी लावताना आम्ही ती वापरत नाही.

त्या काळात स्पर्धा मोजायची पद्धत सरळ होती. शब्द शोधायचा आणि वर 'इतके निकाल सापडले' म्हणून जो आकडा येई, तीच स्पर्धा. याच समजुतीवर सुमंत्र रॉय यांनी 'कीवर्ड इफेक्टिव्हनेस इंडेक्स' हे सूत्र दिलं: शब्द किती वेळा शोधला जातो त्या संख्येचा वर्ग करा आणि तो शब्द असलेल्या पानांच्या संख्येने भागा. वर्डट्रॅकर या साधनामुळे ते एसईओवाल्यांच्या तोंडी बसलं.

वर्ग कशाला? उदाहरणाने बघू. एक शब्द महिन्याला १,००० वेळा शोधला जातो आणि त्याची १,००,००० पानं आहेत. दुसरा १०० वेळा शोधला जातो आणि त्याची १,००० पानं आहेत. नुसता भागाकार केला तर पहिल्याला ०.०१ आणि दुसऱ्याला ०.१ मिळतात, म्हणजे दुसरा दहापट चांगला. पण शंभर माणसांसाठी कोण कशाला खपेल? वर्ग केला की दोघांनाही १० मिळतात. मागणीला मुद्दाम झुकतं माप दिलंय. सूत्र म्हणजे निसर्गनियम नव्हे, धंद्याची निवड आहे, हे इथेच दिसतं.

खरी अडचण खालच्या आकड्यात होती. जत्रेतल्या फडाला किती माणसं जमली यावरून कुस्ती किती अवघड ते ठरत नाही. समोर कोण उभा आहे यावरून ठरतं. दहा लाख पानांत तो शब्द असेल, पण त्यातली बहुतेक ओझरता उल्लेख करणारी असतील. स्पर्धा परीक्षेला बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अर्ज लाखांत येतात. तुमची लढत असते शेवटच्या यादीच्या आसपास घुटमळणाऱ्या काही हजारांशी. शोधाच्या निकालात तर पहिल्या पानावर जागा साधारण दहाच.

लिलाव

आता १९९८ मध्ये येऊ. कॅलिफोर्नियातले उद्योजक बिल ग्रॉस यांनी गोटू डॉट कॉम नावाचं शोधयंत्र आणलं. त्यांचं म्हणणं असं की शब्द कोंबणाऱ्यांना आवरायचा एकच उपाय, वर यायचे पैसे घ्या. जो प्रत्येक क्लिकमागे जास्त सेंट देईल तो वर. एवढंच नाही, प्रत्येक निकालाशेजारी तो किती पैसे मोजतोय हेही छापलेलं असे. लोक हसले, चिडलेही. पण पैसे दाखवण्याचे नाहीत, कुणी क्लिक केलं तरच द्यायचे, ही कल्पना जाहिरातीच्या धंद्यात मुरली. गोटू पुढे ओव्हर्चर झाली आणि २००३ मध्ये याहूने ती सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेतली.

त्याच १९९८ मध्ये स्टॅनफर्डचे दोन विद्यार्थी, लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन, आपल्या शोधयंत्रावरचा निबंध प्रसिद्ध करत होते. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाणार. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच गूगलने अ‍ॅडवर्ड्स सुरू केलं, ३५० जाहिरातदारांसह. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण तेवढंच म्हणून पुढे जाता येत नाही. गूगलने गोटूपेक्षा एक वेगळी गोष्ट केली: जाहिराती आणि निकाल यांच्यात रेघ ओढली. निकाल पैशाने विकायचे नाहीत, फक्त शेजारची जागा विकायची.

गोटूच्या लिलावात आणखी एक गोम होती. जितकी बोली, तितके पैसे. मग दोन जाहिरातदार एकमेकांवर सेंटासेंटाने चढत जात; एकाला परवडेनासं झालं की तो एकदम खाली येई, दुसराही बोली उतरवे आणि पुन्हा तोच खेळ. भाव करवतीच्या दातांसारखे वरखाली. २००२ मध्ये गूगलने क्लिकवर पैसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा नियम बदलला: तुमच्या खालच्याला मागे टाकायला जेवढं लागेल तेवढंच द्या. आणि क्रम नुसत्या बोलीवर ठरणार नाही; लोक तुमच्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात, तेही मोजलं जाईल. म्हणजे पैसेवाल्याची निरुपयोगी जाहिरात आपोआप खाली.

पण या लिलावामुळे इतिहासात पहिल्यांदाच प्रत्येक शब्दाला बाजारभाव मिळाला, आणि तो भाव स्पार्क जोन्स यांच्या वजनाशी कुठेच जुळत नव्हता. अमेरिकेतलं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'मेसोथेलिओमा'. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे होणारा हा दुर्मिळ कर्करोग. अमेरिकेत वर्षाला सुमारे तीन हजार माणसांना तो होतो. पण रुग्णाला कंपन्यांकडून मोठी भरपाई मिळू शकते आणि वकिलाला त्यातला वाटा. म्हणून हा शब्द एका क्लिकला कित्येकदा ५० डॉलरच्याही वर गेला. निदानाचा कागद हातात घेऊन रात्री घाबरून तो शब्द टाइप करणाऱ्या माणसाची ती किंमत होती.

कुस्ती कुणाशी?

इथून एक घोळ सुरू झाला, आणि तो अजून चालू आहे. गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये 'स्पर्धा' असा रकाना असतो: कमी, मध्यम, जास्त. नवखा माणूस तो बघून ठरवतो की 'स्पर्धा कमी' म्हणजे आपला लेख सहज वर येईल. पण तो रकाना त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतायत ते सांगतो. लेखांच्या क्रमवारीशी त्याचा थेट संबंध नाही. एखाद्या ऐतिहासिक लढाईच्या नावावर कुणी जाहिरात करत नसेल, म्हणून रकाना म्हणतो 'कमी'. प्रत्यक्षात तिथे विकिपीडिया, मोठी वृत्तपत्रं आणि विद्यापीठं ठाण मांडून बसलेली असतात. उलट एखाद्या औषधी तेलाच्या नावावर दहा दुकानदार बोली लावत असतील, पण त्याबद्दल नीट लिहिलेला एकही लेख नसेल. एक लिलावाची स्पर्धा, दुसरी कुस्तीची.

कुस्तीची स्पर्धा मोजायची तर गूगल काय बघतं ते बघावं लागतं. पेजरँकची मूळ कल्पना अशी: एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे मत दिलं, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं मिळालीत त्याचं मत जास्त वजनाचं. ही कल्पनाही ग्रंथालयशास्त्रातूनच आली. यूजीन गारफिल्ड यांनी १९५० च्या दशकात शोधनिबंध एकमेकांचा हवाला देतात त्यावरून महत्त्व मोजायचा विचार मांडला होता. म्हणून मॉझ, एचरेफ्स अशा कंपन्यांनी आपापले 'अवघडपणाचे' आकडे काढले ते मुख्यतः लिंका मोजून: आत्ता वरच्या दहांत असलेल्या पानांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी लिंक दिलीये? जास्त दिली असेल तर आकडा मोठा.

हा आकडा निकालांच्या संख्येपेक्षा कितीतरी बरा. तरीही दोन साधनांत एकाच शब्दाला ३० आणि ६० मिळालेले मी पाहिलेत. त्यात कुणी खोटं बोलत नाही. दोघांची लिंकांची यादी वेगळी, सूत्र वेगळं. आणि लिंका मोजल्या जातात म्हटल्यावर त्या विकल्याही जाऊ लागल्या. मेटा यादीचं जे झालं तेच लिंकांचं. २०१२ मध्ये गूगलला पेंग्विन नावाचा बदल करून बनावट लिंका निकामी कराव्या लागल्या. मोजमापच ध्येय झालं की ते मोजमाप म्हणून बिघडतं, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व. एसईओचा इतिहास म्हणजे त्याची दर तीनचार वर्षांनी होणारी उजळणी आहे.

अनुभवी माणसं म्हणूनच आकड्यावर थांबत नाहीत. ती तो शब्द स्वतः शोधतात आणि वरची दहा पानं उघडून वाचतात. ही पानं नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर देतायत, की शेजारच्या प्रश्नाचं? शोधणाऱ्याला विकत घ्यायचंय, शिकायचंय, की फक्त पत्ता हवाय? दहांत दुकानं किती, सरकारी पानं किती, कुणीतरी मनापासून लिहिलेलं किती? पाच वर्षांपूर्वीची जुनी माहिती तर नाही? याला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि म्हणूनच ते क्वचित होतं. पाच हजार शब्दांची यादी समोर असताना ठिपक्याचा रंग बघणं स्वस्त पडतं.

आधी भाव, मग लेख

रंग बघून लिहायचं ठरलं की काय होतं, याचा मोठा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. डिमांड मीडिया नावाची कंपनी तीन गोष्टी यंत्रात घालत असे: लोक काय शोधतात, त्या शब्दांना जाहिरातीचा भाव काय, आणि आधीची पानं किती. यंत्र शीर्षक काढून देई. बाहेरचे लेखक ते उचलून लेख लिहीत, साधारण १५ डॉलरना एक. कशाबद्दल लिहायचं हे संपादकाने नाही, लेखकानेही नाही, भावाने ठरवलेलं. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा तिचं बाजारमूल्य न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरलं. पुढच्याच महिन्यात गूगलने पांडा नावाचा बदल आणला आणि अशा वरवरच्या लेखांना खाली ढकललं. कंपनीला त्यातून पुन्हा तशी उभारी आली नाही.

हे लेख अगदी खोटे होते असं नाही. पण ज्या प्रश्नाला भाव नव्हता, तो त्या यंत्राच्या लेखी प्रश्नच नव्हता.

शून्याचा अर्थ

मराठीत तर ही गोष्ट जास्तच लागते. आपल्याकडे बरीच वर्षं वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याचा त्याचा वेगळा फाँट असे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, पण पानावर 'महाराष्ट्र' दिसत असताना आत साठवलेली असत भलतीच रोमन अक्षरं. शोधयंत्राला तो शब्द सापडायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे त्या काळच्या मराठी शब्दांची ना मागणी मोजता आली, ना स्पर्धा. जेव्हा इंग्रजी शब्दांच्या भावांचा इतिहास घडत होता, तेव्हा आपले शब्द मोजणीच्या बाहेर होते.

आता युनिकोड सगळीकडे आहे, तरी मोजणी सरळ होत नाही. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायचंय अशा माणसाचं उदाहरण घ्या. तो 'वारस नोंद' लिहील, 'वारसनोंद' लिहील, 'वारस नोंदणी कशी करायची' लिहील, नाहीतर रोमनमध्ये ठोकून देईल. शिवाय मराठीत शब्द विभक्तीत शिरताना रूप बदलतो: पुणे, पुण्यात, पुण्याच्या, सातबारा, सातबाऱ्यावर. माणसाला हे दोनच शब्द आहेत, कच्च्या मोजणीला पाच. मागणी पाच ठिकाणी फुटते, आणि प्रत्येक तुकडा इतका लहान होतो की साधन त्यापुढे '१० ते १००' किंवा सरळ ० लिहून मोकळं होतं.

मी काम करत होतो त्या एका ठिकाणी मराठी विषयांची अशीच एक यादी आली होती. बहुतेक रकान्यांत शून्य. बैठकीत ती यादी दोन मिनिटांत बाद झाली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तक्त्यात शून्य होतं आणि शून्याचा अर्थ 'कुणाला नकोय' असा घेतला गेला. पण त्याचा अर्थ 'मोजता आलं नाही' असाही होतो. गूगल स्वतः वर्षानुवर्षं सांगत आलंय की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के असे असतात की जे आधी कधीच कुणी केलेले नसतात. त्या प्रत्येकापुढे काल शून्यच होतं.

याचा परिणाम फिरून स्वतःवरच येतो. आकडा शून्य म्हणून कुणी लिहीत नाही. लिहिलेलं नाही म्हणून शोधणाऱ्याला काही सापडत नाही. सापडत नाही म्हणून तो पुढच्या वेळी इंग्रजीत शोधतो, किंवा तलाठी कार्यालयाबाहेर बसलेल्या एजंटला पैसे देतो. आणि मराठी शब्दापुढचं शून्य तसंच राहतं.

आता शोधनिकालांच्या वर यंत्राने लिहिलेलं आयतं उत्तर दिसू लागलंय, आणि एसईओवाले विचारतायत की यापुढे स्पर्धा कशी मोजायची. नवे आकडे येतील, नवे ठिपके येतील. पण ते उत्तरही कुणीतरी आधी लिहून ठेवलेल्या पानांवरच पोसलेलं असतं. वारस नोंदीसाठी कुठला अर्ज, कुठली कागदपत्रं, तलाठ्याने फेरफार नोंदवल्यावर हरकतीसाठी किती दिवस थांबायचं, हे मराठीत नीट लिहिलेलं एकही पान नसेल, तर यंत्र तरी कुठून आणणार?

स्पार्क जोन्स यांच्या सूत्रात मोजणी वेगळी आहे, पण त्यातली एक गोष्ट मला फार पटते. जो शब्द लाखांतल्या शंभरच लेखांत आहे, तोच सगळ्यात जास्त सांगतो. तुमच्या गावच्या, घरच्या, धंद्यातल्या अशा एखाद्या शब्दावर लिहायचं मनात असेल आणि साधन शून्य दाखवत असेल, तर आधी तो शब्द स्वतः शोधून बघा. दहा पानं उघडा, वाचा. दहांतल्या एकानेही तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नसेल, तर तिथे तुमच्याशी स्पर्धा करायला कुणीही नाही.